नीडरीस्टार्ट: सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी कामाचे साधन
फोंड्यातील आमच्या कार्यालयाच्या उबुंटू (लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टिम) सर्व्हरवर नीडरीस्टार्ट नित्य वापरात आहे. ओपनएसएसएलसारखी (एन्क्रिप्शनचे काम करणारी) लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो सामायिक कोड, अपग्रेड झाली, तरी आधीपासून चालू असलेल्या सेवा (पार्श्वभूमीत चालणारे प्रोग्राम) मेमरीत जुनीच प्रत धरून बसतात; अशा सेवा हुडकून त्यांची यादी समोर ठेवणे हेच या साधनाचे खरे मोल. उबुंटूच्या २२.०४ आवृत्तीत मात्र अपग्रेडच्या मध्येच उघडणारी त्याची प्रश्नांची चौकट, विशेषतः स्क्रिप्टने काम उरकणाऱ्यांना, डोकेदुखी ठरते. नीडरीस्टार्टच्या कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फाइलमध्ये ‘आय’ (म्हणजे प्रश्न विचारा) याऐवजी ‘एल’ लिहिले की ते केवळ यादी देते. ‘ए’ लिहिल्यास सेवा आपोआप पुन्हा सुरू होतात, पण खिडकीवर रांग असताना डेटाबेस बंद-चालू होणे आम्हाला परवडणारे नाही. २०२४ मध्ये त्यातील गंभीर सुरक्षा त्रुटी उघड झाल्याने नीडरीस्टार्टची ३.८ किंवा उबुंटूने दुरुस्त करून दिलेली आवृत्तीच वापरावी.