‘पाच गिगाहर्ट्झ करून देतो’ : लॅपटॉप ओव्हरक्लॉकिंगच्या नावाखाली झालेली फसवणूक

माझ्या भाच्याच्या चौदा इंची गेमिंग लॅपटॉपचा वेग ओव्हरक्लॉकिंगने, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवून, वाढवून देतो असे सांगून नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका दुकानदाराने ४,५०० रुपये घेतले आणि प्रत्यक्षात प्रोसेसरचा वेग तसूभरही वाढवला नाही. लॅपटॉप परत घेताना मीही दुकानात हजर होतो. हातचलाखी इतकी बेमालूम होती की गेमिंगच्या नादी लागलेल्या इतर मुलांच्या पालकांनाही ती कळावी, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

लॅपटॉपमध्ये इंटेलचा कोअर आय-५ ११३००एच हा प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०५० हे ग्राफिक्स कार्ड आहे. पातळ आणि लहान गेमिंग लॅपटॉपसाठी इंटेलने २०२१ च्या सुरुवातीला जी मालिका आणली, त्यातला हा चार कोअरचा प्रोसेसर असून त्याचा कमाल टर्बो वेग (गरज पडल्यावर आपोआप वाढणारा वेग) ४.४ गिगाहर्ट्झ आहे. भाच्याने वॉरंटीबद्दल शंका काढली, तेव्हा दुकानदार म्हणाला, “टेन्शन कायले घेता भाऊ, पाच गिगाहर्ट्झ करून देतो, वरून लिक्विड मेटलही लावून देतो.” लिक्विड मेटल म्हणजे चिपची उष्णता बाहेर नेण्यासाठी थर्मल पेस्टऐवजी लावतात तो द्रव धातू. बिलावर मात्र त्याने ‘परफॉर्मन्स सर्व्हिस’ एवढेच मोघम लिहिले.

वेग वाढल्याचा पुरावा म्हणून त्याने सिनेबेंच या चाचणीचे कामाआधीचे आणि कामानंतरचे गुण दाखवले. नंतरचे गुण जवळजवळ दीडपट होते. पहिल्या चाचणीच्या वेळी चार्जर बॅगेतच गुंडाळलेला होता, हे भाच्याला घरी आल्यावर आठवले. गेमिंग लॅपटॉप बॅटरीवर असताना प्रोसेसरला मिळणारी वीज आपोआप मर्यादित होते आणि चार्जर लावताच तो पूर्ण ताकदीने चालतो. दुकानात दिसलेली वाढ बहुतांशी एवढीच होती. घरी आम्ही दोन्ही चाचण्या चार्जर लावून, विंडोजच्या मूळ सेटिंगवर आणि त्याने बदललेल्या सेटिंगवर घेतल्या, तेव्हा गुणांत नाव घेण्यासारखा फरक पडला नाही.

दुसरी करामत याहून चमत्कारिक होती. विंडोजच्या सिस्टीम माहितीच्या पानावर प्रोसेसरच्या नावापुढे चक्क ‘५.०० गिगाहर्ट्झ’ असे झळकत होते. विंडोज हे नाव रजिस्ट्री या आपल्या सेटिंगांच्या नोंदवहीतून वाचते आणि संगणक सुरू होताना ते दर वेळी नव्याने लिहिले जाते. दुकानदाराने स्टार्टअपमध्ये दोन ओळींची एक छोटी फाइल ठेवली होती, जी लॉगिन होताच त्या नावाच्या जागी आपला मजकूर घालत असे. ती फाइल काढून लॅपटॉप पुन्हा सुरू केला, तर ३.१० हा टर्बोशिवायचा मूळ आकडा परत आला. सीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो यांसारखी मोफत साधने थेट प्रोसेसरकडून माहिती घेत असल्यामुळे त्यांच्यावर ही मात्रा चालत नाही आणि त्यांत कमाल वेग ४.४ च्या वर कधीच गेला नाही. तो जाणे शक्यही नव्हते, कारण या प्रोसेसरचा गुणक (ज्या आकड्यावरून त्याचा वेग ठरतो तो) इंटेलनेच कुलूपबंद ठेवलेला आहे. लॅपटॉपच्या इंटेल प्रोसेसरांमध्ये ही मोकळीक मुख्यतः ‘एचके’ आणि ‘एचएक्स’ या अक्षरांनी संपणाऱ्या क्रमांकांना असते.

लिक्विड मेटलचीही तीच गत. ओळखीच्या एका तंत्रज्ञाने मागचे झाकण उघडले, तेव्हा आत साधी पांढरी थर्मल पेस्ट चिपच्या कडेबाहेर ओघळलेली होती आणि ग्राफिक्स मेमरीवरचा एक थर्मल पॅड अर्धा फाटून उष्णतावाहक नळीला चिकटला होता. खरे तर लिक्विड मेटल लावले नाही ते एका परीने बरेच झाले. त्यातले गॅलियम ॲल्युमिनियम पोखरते आणि ते वीजवाहक असल्याने एक थेंब भलतीकडे गेला तरी मदरबोर्ड जळू शकतो.

लहान लॅपटॉप ओव्हरक्लॉक होतच नाहीत, असे मात्र नाही. २०१० साली आलेल्या एलियनवेअर एम११एक्स या अकरा इंची लॅपटॉपमध्ये १.३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर १.६ पर्यंत नेण्याची सोय कंपनीनेच बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रणालीत) दिली होती. तो कमी विजेचा, थंड चालणारा प्रोसेसर असल्याने त्याला वाव होता. आजचे प्रोसेसर कारखान्यातूनच टर्बोच्या टोकापर्यंत ताणलेले येतात. त्यापुढे वेगासोबत व्होल्टेजही वाढवावे लागते आणि उष्णता वेगाच्या आणि शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; वेग आणि व्होल्टेज दोन्ही १० टक्क्यांनी वाढवले, तर उष्णता सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. लहान लॅपटॉपमध्ये बहुधा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड एकाच नळीजाळ्यावर थंड होतात, त्यामुळे एकाचा ताप दुसऱ्यालाही भोगावा लागतो. हा प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसला पोहोचला की स्वतःहून वेग कमी करतो. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत वापरासाठी ३५ अंशांपर्यंतचे तापमान योग्य सांगितलेले असते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना वरच्या मजल्यावरची खोली कूलर लावूनही त्याखाली येईलच असे नाही. शिवाय कूलरच्या हवेबरोबर धूळ आणि वाळ्याची कुसे येतात, ती लॅपटॉपच्या पंख्यात अडकतात ती वेगळीच.

फायदा हवाच असेल, तर तो ग्राफिक्स कार्डात थोडाफार मिळतो. एमएसआय आफ्टरबर्नर या मोफत प्रोग्रामने तिथला वेग थोडा थोडा वाढवून पाहता येतो, किंवा तोच वेग कमी व्होल्टेजवर चालवता येतो. उन्हाळ्यात मला दुसरा मार्ग अधिक पटतो. प्रोसेसरच्या बाबतीत मात्र २०१९ च्या डिसेंबरमध्ये प्लंडरव्होल्ट ही व्होल्टेज बदलून हल्ला करू देणारी सुरक्षा-त्रुटी जाहीर झाल्यावर अनेक कंपन्यांनी व्होल्टेज कमी करण्याची सोयही बायोसमधून बंद केली. म्हणून कोणी असे काम करून देतो म्हणाला, तर आधी प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक पाहावा, दोन्ही चाचण्या चार्जर लावून आपल्यासमोर घ्यायला सांगाव्यात आणि काय बदलणार ते बिलावर शब्दशः लिहून घ्यावे. एवढी मागणी ऐकूनच काही दुकानदार काम नको म्हणतील, आणि तेही उत्तरच आहे.

आम्ही चाचण्यांचे स्क्रीनशॉट, ती दोन ओळींची फाइल आणि फाटलेल्या पॅडचा फोटो जपून ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही. दुकानदाराने नवा पॅड बसवून देण्याची तयारी दाखवली आहे. पाच गिगाहर्ट्झचे पैसे परत करायला मात्र तो अजून राजी नाही.