खडेबाजारातील जुन्या पुस्तकांचे दुकान आणि डाल्टन ट्रम्बो

बेळगावच्या खडेबाजारालगतच्या बोळातील या दुकानात मराठी, कन्नड आणि इंग्रजी पुस्तके एकाच फळीवर दाटीवाटीने उभी असतात. तेथून मी हॉलिवूडचे पटकथाकार डाल्टन ट्रम्बो यांचे इंग्रजी चरित्र दीडशे रुपयांना घेतले. १९०५ साली कोलोरॅडोत जन्मलेले ट्रम्बो बेकरीत रात्रपाळी करीत लिहीत राहिले. १९४७ साली अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे कम्युनिस्ट पक्षाच्या सदस्यत्वाविषयी उत्तर देण्याचे त्यांनी नाकारले, त्यापायी त्यांना तुरुंगवास घडला आणि हॉलिवूडने काम न देण्यासाठी केलेल्या काळ्या यादीमुळे पुढे परक्या नावांआडून लिहावे लागले. ‘रोमन हॉलिडे’ या चित्रपटाच्या कथेचे ऑस्कर मित्राच्या नावे गेले, तर ‘द ब्रेव्ह वन’चे १९५७ साली ‘रॉबर्ट रिच’ या टोपणनावाला मिळाले. १९६० साली ‘स्पार्टाकस’ आणि ‘एक्झोडस’वर त्यांचे खरे नाव झळकले, ‘रोमन हॉलिडे’चा सन्मान मात्र १९९३ साली, मृत्यूनंतर सतरा वर्षांनी, त्यांच्या नावे झाला. पाटीवरील नावाच्या भाषेवरून वाद पाहिलेल्या आमच्या सीमाभागातील वाचकाला ही नावाची कहाणी जरा अधिकच भिडते. तक्रार एवढीच की पुस्तकाची शिलाई उसवली होती आणि दोन पाने सुटली होती, हे दुकानदारांनी आधी सांगितले नाही. विचारल्यावर त्यांनी तीस रुपये परत केले. वाचून परत दिल्यास निम्मी किंमत मिळते, मात्र पावती जपून ठेवावी लागते.