इंजिनाची घोडी: बाभळीची, ॲल्युमिनियमची की वेल्डिंगची?

"विहिरीवरचं इंजिन हाय का?" वाळूज रोडवरच्या वेल्डिंगवाल्या मामांनी विचारलं. मी खिशातून मॉडेल विमानाचं, मिथेनॉलच्या इंधनावर चालणारं ७.५ सीसीचं ग्लो इंजिन काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते हातात तोललं, दांडा बोटानं फिरवून पाहिला आणि म्हणाले, "एवढुशा इंजिनाला एवढी घोडी कशाला? खाटेला बांधा की."

खाटेला बांधून झालं होतं, म्हणूनच मी त्यांच्याकडे गेलो होतो. शेतातल्या घरी फळीवर इंजिन बसवलं, फळी सी-क्लॅम्पनं बाजेला आवळली आणि चालू केलं. अर्ध्या थ्रॉटलपर्यंत सगळं गोड. पूर्ण उघडल्यावर बाज सारवलेल्या अंगणात पुढं सरकायला लागली. अकरा इंची प्रॉपवर, म्हणजे पुढच्या पंख्यावर, हे इंजिन अडीच किलोच्या आसपास ओढतं. ही ओढ काही फार नाही, पण तिच्या जोडीला मिनिटाला १२,००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला दोनशे हिसके असतात. अशा हिसक्यांपुढे क्लॅम्प आपोआप सैल होतात. मी इंधनाची नळी चिमटीत दाबली आणि इंजिन थांबलं. कुणाला लागलं नाही, पण त्या दिवसापासून इंजिन जमिनीवर चालवून बघायचा स्टँड, म्हणजेच घोडी, हा प्रकार मी मनावर घेतला. पुढे तिन्ही जातींचे स्टँड वापरून झाले. आता नवीन मुलं विचारतात की पहिला कोणता घ्यावा, म्हणून हे लिहितोय.

आधी बाभळीच्या फळीचं बोलू. मराठवाड्यात ही सगळ्यात सोपी सोय आहे. बैलगाडीची कामं केलेल्या जुन्या सुताराकडे वाळलेल्या बाभळीचे तुकडे पडलेले असतात. लाकूड पंचवीस मिमी जाडीचं घ्यायचं, त्यात इंजिनाचं पोट मावेल एवढी यू आकाराची खाच काढायची. इंजिनाचे दोन्ही कान, म्हणजे बाजूला निघालेल्या भोकांच्या पट्ट्या, खाचेच्या दोन्ही बाजूंना सपाट टेकले पाहिजेत. मग कानांच्या भोकांतून आरपार बोल्ट, वर-खाली वायसर आणि नायलॉक नट. लाकडाचे स्क्रू नकोत, ते दहा मिनिटांत ढिले होतात. सागवान दिसायला छान, पण मऊ. वायसर त्यात रुतत जातो आणि बोल्ट पुन्हा पुन्हा आवळावे लागतात. साधा प्लायही नको. मिथेनॉल आणि तेल पिऊन त्याचे थर सुटतात.

लाकडाचा खरा फायदा स्वस्ताईपेक्षा वेगळा आहे. लाकूड कंप गिळतं. हे कळायला मला लोखंडी स्टँड करावा लागला. त्याच इंजिनाला, त्याच टाकीवर, लाकडी फळीवर एकसारखा आवाज यायचा. लोखंडावर नेलं तर वरच्या फेऱ्यांत ते मध्येच कोरडं ओरडायचं. नीडल, म्हणजे इंधन कमी-जास्त करणारी सुई, फिरवून थकलो. शेवटी पारदर्शक टाकीकडे वाकून पाहिलं तर आत ताकासारखा फेस! फ्रेमचा कंप थेट टाकीत जात होता, नळीतून इंधनासोबत बुडबुडे जात होते आणि मिश्रण पातळ होत होतं, म्हणजे इंधन कमी पडत होतं. टाकीखाली बोटभर स्पंजची गादी घातली, टाकी रबरबँडनं धरली आणि रोग गेला. फळीवरही स्पंज घालावाच, पण तिथं विसरलात तर चालून जातं. लोखंडावर चालत नाही.

फळीची मर्यादा उघड आहे. एक फळी, एका मापाचं इंजिन. ६.५ सीसीच्या खाचेत १० सीसीचं बसत नाही, मग नवी फळी कापा. माझ्याकडे आता चार फळ्या आहेत, पत्र्याच्या भिंतीला खिळ्यावर टांगलेल्या.

तयार ॲल्युमिनियमचा स्टँड नेमकी हीच अडचण सोडवतो. दोन सरकते जबडे, त्यांवर हातानं फिरवायचे चार नॉब, मागे टाकीची जागा, बाजूला थ्रॉटलचा दांडा. लहान इंजिनापासून पंधरा सीसीपर्यंत कानांची बहुतेक इंजिनं त्यात बसतात. पाच मिनिटांत एक काढा, दुसरं लावा. सेकंडहँड इंजिनं घेऊन तपासणाऱ्यासाठी ही चैन नाही, गरज आहे.

पण दोन गोष्टी विकणारा सांगत नाही. पहिली, जबडे एका पातळीत नसतील तर आवळताना इंजिनाचं केसिंग पिळलं जातं. याची परीक्षा हातानंच होते. ग्लो प्लग काढून ठेवा, नॉब सैल असताना प्रॉप हळू फिरवून बघा. मग आवळा आणि पुन्हा फिरवा. आधी लोण्यासारखं फिरणारं इंजिन आता कुठं अडकत असेल तर जबडा वाकडा आहे. पातळ पत्र्याची शिम घाला, नाहीतर स्टँड परत करा. माझ्या पहिल्या तयार स्टँडच्या एका नॉबचे आटे दोन महिन्यांत गेले. विकणाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं, तेव्हा मी नॉबच्या जागी सरळ बोल्ट घातले. दुसरी गोष्ट, हा स्टँड स्वतः कशाला तरी बोल्टनं जखडावा लागतो. लोक तो टेबलावर नुसता ठेवतात किंवा क्लॅम्प लावतात. म्हणजे माझी बाजच ती, फक्त महाग.

मागून चार बोल्टवर बसणारी पेट्रोल इंजिनं, वीस-तीस सीसीची, या स्टँडवर बसतच नाहीत. त्यांना उभी प्लेट लागते. तिथून वेल्डिंगची घोडी सुरू होते.

चाळीस बाय चाळीस मिमीचा एमएस (माइल्ड स्टील) अँगल, पुढे सहा मिमीची उभी प्लेट, पाय बाहेरच्या बाजूला पसरलेले, खाली आडवी चौकट. लोखंड आपल्याकडे काही दुर्मिळ नाही, पोलादाच्या कारखान्यांचं जालना हाकेच्या अंतरावर आहे. दुर्मिळ आहे ते सरळ काम. वेल्डिंगच्या उष्णतेनं प्लेट ओढली जाते आणि तिच्यावर इंजिन तिरकं बसतं. वाळूज किंवा चिकलठाण्याला मिलिंग करून घेता येतं. तालुक्याच्या गावी ते जमलं नाही तर प्लेट वेल्ड न करता चौकटीला बोल्टनं जोडा. वाकली तर बदलता येते आणि प्रत्येक इंजिनाची वेगळी प्लेटही ठेवता येते. मामांना मी हेच सांगितलं, तर ते म्हणाले, "मग वेल्डिंगवाल्याकडं कशाला आलात?" तरी करून दिलं.

वजनाचं मात्र नीट बघा. लोखंडी आहे म्हणजे जड आहे असं नसतं. माझी रिकामी घोडी तीस सीसीच्या इंजिनानं सहज हलवली. आता खालच्या चौकटीवर मुरूम भरलेल्या युरियाच्या दोन गोण्या टाकतो आणि शिवाय जमिनीत खुंट्या ठोकतो. खुंट्यांवर एकट्या भरवसा ठेवू नका. काळ्या रानात हिवाळ्यात खुंटी हलत नाही, पण मे महिन्यात भेगा पडल्या की तीच खुंटी दोन बोटांनी निघते. पावसाळ्यात तर पायच रुततात आणि स्टँड एका अंगाला कलतो. सिमेंटच्या ओट्यात अँकर बोल्ट घातले तर हा सगळा प्रश्नच मिटतो.

म्हणून माझा हिशोब असा. एकच इंजिन, तेही ग्लो, आणि मुख्य काम ते रुळवण्याचं (नवं इंजिन सुरुवातीला जपून चालवून जुळवण्याचं): बाभळीची फळी, जड टेबलाला आरपार बोल्टनं. तीन-चार मापांची ग्लो इंजिनं येत-जात असतील तर तयार स्टँड. पेट्रोल इंजिन किंवा कॉलेजचा ग्रुप असेल तर घोडीच. "एकदाच मोठा करून ठेवू" म्हणून पहिल्या ७.५ सीसीसाठी घोडी करायला निघालेल्याला मी थांबवतो. तो महिनाभर वेल्डिंगच्या दुकानात चकरा मारतो आणि इंजिन डब्यातच राहतं.

टाकीची उंची तिन्हींवर सारखीच महत्त्वाची. टाकीचा मध्य कार्बोरेटरच्या नीडलच्या रेषेत किंवा किंचित खाली हवा. टाकी वर राहिली तर बंद इंजिनात इंधन उतरून साचतं, आणि तशा भरलेल्या इंजिनाला स्टार्टर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. नळ्याही एकसारख्या नसतात. ग्लो इंधनाला सिलिकॉनची नळी चालते, पेट्रोलमध्ये तीच फुगून मऊ पडते. पेट्रोलसाठी पेट्रोलचीच नळी घ्या. पेट्रोल इंजिनाच्या स्टँडवर इग्निशन तोडणारा स्विच मागच्या बाजूला, हाताशी हवाच. स्विच बंद आहे असं वाटत असलं तरी प्रॉप फिरवताना इंजिन पेटणारच आहे असं धरून हात ठेवा.

आता प्रॉपचं. अकरा इंची प्रॉप १२,००० फेऱ्यांवर असताना त्याचं टोक ताशी सहाशे किलोमीटरच्या वर धावतं. त्यातून तुकडा सुटला तर तो सरळ बाजूला जातो, म्हणून धोक्याची जागा समोरची जितकी तितकीच प्रॉपच्या दोन्ही अंगांची. आणि गावात इंजिन सुरू झालं की पोरं नेमकी तिथंच येऊन उभी राहतात. टेबलाच्या उंचीवरचा प्रॉप म्हणजे त्यांच्या तोंडासमोर. मी आता स्टँडच्या मागे दहा पावलांवर चुन्याची रेघ मारतो आणि सगळ्यांना तिच्यामागे उभं करतो. रेघ ओलांडली की इंजिन बंद. एवढं पुरतं.

सुरू करायला बोट नाही, लाकडी दांडी किंवा इलेक्ट्रिक स्टार्टर. सुरू झाल्यावर मागे जाऊन मगच नीडल फिरवायची. प्रॉपच्या पुढून हात घालायचा नाही, तिथं खूप जणांची बोटं गेली आहेत. गळ्यातलं उपरणं, कॉलेजच्या ओळखपत्राची दोरी, शर्टाची लोंबती बाही, सगळं आधी आवरा. डोळ्यांवर चष्मा. टवका उडालेला प्रॉप चिकटवून वापरायचा नाही, मोडून कचऱ्यात टाकायचा, म्हणजे दुसराही कुणी वापरणार नाही. स्टँडखाली मुरूम असेल तर ओलं गोणपाट अंथरा, नाहीतर खडे प्रॉपवर येतात. पत्र्याच्या बंद शेडमध्ये धूर कोंडतो, तिथं चालवू नका.

आगीच्या बाबतीत दोन्ही इंधनं वेगळी वागतात. मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. हाताला चटका बसला की कळतं. पण मिथेनॉल पाण्यात मिसळतं, त्यामुळे भरपूर पाणी ओतलं तर ते विझतं. पेट्रोलवर पाणी टाकलं तर पेट्रोल तरंगतं आणि आग पसरते. तिथं वाळूची बादली किंवा पावडरचा सिलिंडर. मिथेनॉल विषारी आहे, कातडीतूनही शरीरात जातं. हातावर सांडलं तर लगेच धुवा आणि पाण्याच्या बाटलीत ते कधीही भरून ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर कुणीही तहानेनं बाटली तोंडाला लावेल.

इंजिन रुळवायची पद्धत स्टँडवर नाही, इंजिनावर ठरते. रिंग असलेलं इंजिन सुरुवातीला भरपूर इंधन देऊन, थंड चालवतात. एबीसी इंजिनात (ॲल्युमिनियमचा पिस्टन, क्रोमचा मुलामा दिलेलं पितळी लायनर) रिंग नसते, लायनर वर निमुळतं असतं, ते गरम होऊन फुगल्यावरच पिस्टनशी नीट जुळतं. त्याला फार इंधन देऊन थंड चालवलं तर उलट झीज होते. छोट्या-छोट्या फेऱ्या, मध्ये पूर्ण थंड होऊ देणं, हे त्याला मानवतं. डिसेंबरच्या सकाळी लावलेली नीडल मे महिन्याच्या दुपारी चालणार नाही. तापलेली हवा विरळ असते, मिश्रण जड होतं, म्हणजे त्यात इंधन जास्त पडतं, नीडल थोडी आवळावी लागते.

ओढ मोजायची सोय हवी का, हा शेवटचा प्रश्न. ड्रॉवरच्या टेलिस्कोपिक चॅनेलवर सरकती पाटी आणि मागे स्प्रिंगचा काटा किंवा लोड सेल (जोर मोजणारा सेन्सर), एवढंच ते. इंजिनाच्या कंपानं लोड सेलचे आकडे नाचतात, सरासरी काढावी लागते. प्रॉपची तुलना करायची नसेल तर ही भानगड करू नका, फेऱ्या मोजणारा टॅकोमीटर पुरतो. तो खरा बोलतो का हे घरीच कळतं. दोन पात्यांच्या सेटिंगवर चोक असलेल्या जुन्या ट्यूबलाइटसमोर धरा. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर त्यानं ३००० दाखवायला हवेत. एलईडीसमोर धरून टॅको बिघडला म्हणून परत करू नका, तशी चूक आमच्यातल्या एकानं केली आहे.