समुद्राच्या तळातून लाट मोजणारं यंत्र : मुरगावच्या पाण्यातले अकरा महिने

गेल्या ऑक्टोबरात पाणी निवळल्यावर गोव्यातल्या मुरगावच्या बाहेर 14 मीटर खोलीवर आम्ही हे यंत्र तळाशी बसवलं. बार्ज (मालवाहू सपाट बोटी) आणि त्या ओढणाऱ्या टगबोटींच्या कामाला लाटांचा ताजा आकडा लागतो, म्हणून केबल थेट जेटीपर्यंत आणली. अख्खा पावसाळा खाली राहून परवा ते वर आलं. घ्यावं का, असं विचारणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

यंत्राच्या डोक्यावर चार चकत्या आहेत. त्या 1 मेगाहर्ट्झचा आवाज सोडतात, म्हणजे आपल्या कानाला न ऐकू येणारा. तीन तिरक्या आणि एक सरळ वर बघणारी. पाण्यातल्या बारीक कणांवरून परतलेल्या आवाजाची वारंवारता किती सरकली, यावरून तिरक्या चकत्या पाण्याचा वेग काढतात आणि त्यातून लाटेची दिशा मिळते. सरळ चकती पृष्ठभागाचा प्रतिध्वनी पकडते. खाऱ्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो, त्यामुळे 14 मीटर वर जाऊन परत यायला त्याला 19 मिलिसेकंद पुरतात.

पैसे वसूल होतात ते या चौथ्या चकतीमुळे. पूर्वी आम्ही नुसता दाबाचा सेन्सर वापरायचो. मार्च-एप्रिलच्या दुपारी वायव्येचा वारा सुटला की तीन-तीन सेकंदांच्या आखूड लाटा उठतात. होडीत धड उभं राहता येत नाही आणि सेन्सर मात्र समुद्र शांत दाखवायचा. तीन सेकंदांच्या लाटेची लांबी जेमतेम 14 मीटर असते आणि तेवढ्या खोलीवर तिच्या दाबाचा अर्धा टक्कासुद्धा पोचत नाही. 14 सेकंदांच्या लाटेचा मात्र 85 टक्क्यांच्या आसपास पोचतो. नवी चकती पृष्ठभागच मोजते, त्यामुळे हा प्रश्न मिटला. फक्त अशा आखूड लाटांच्या दिशेवर मी अजूनही विसंबत नाही. तिरक्या चकत्यांच्या आवाजाचे झोत वर पोचेपर्यंत एकमेकांपासून 11 मीटर फाकलेले असतात आणि त्या अंतरात जवळपास अख्खी लाट मावते.

सुरुवातीला मी सगळ्यांना एकच आकडा कळवायचो, लाटेची उंची. ही उंची म्हणजे सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी. एकटीदुकटी लाट तिच्या दुप्पट येऊ शकते, हेही लोकांना समजावून सांगावं लागतं. मूळचे वेंगुर्ल्याचे एक म्हातारे तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, मला म्हणाले, "उंची रवांदे रे बाबा, एका लाटेमागसून दुसरी किती येळान येता ता सांग." त्यांचं म्हणणं मला एप्रिलमध्ये पटलं. सकाळी उंची जेमतेम पाऊण मीटर होती, वारा पडलेला, पाणी तेलासारखं. आवर्तकाल, म्हणजे एका लाटेमागून दुसरी यायला लागणारा वेळ, मात्र 16 सेकंद. इतक्या लांब लाटा दूर दक्षिणेच्या महासागरातून येतात. जेटीला बांधलेली बार्ज सावकाश पुढे-मागे व्हायला लागली आणि अर्ध्या तासात तिचा पुढचा दोर तुटला. सुदैवाने तिथे कोणी उभं नव्हतं. तो सगळा वेळ 16 चा आकडा पडद्यावर होता आणि मी तो कळवला नव्हता. त्या दिवसापासून मेसेजमध्ये आवर्तकाल आधी जातो, मग दिशा, मग उंची.

दिशेचा उपयोग थंडीत कळला. इथे वारा नसताना वायव्येकडून सात-आठ सेकंदांच्या लाटा येत होत्या. अरबस्तानाकडच्या शमाल वाऱ्यांनी उठलेल्या या लाटा गोव्यापर्यंत येतात, हे दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दाखवून दिलंय. आपल्या पडद्यावर त्या ओळखता आल्या तेव्हा फार आनंद झाला.

आता त्रासाचं. 'रिअल टाइम' हा शब्द जपून घ्या. आमची मांडणी सेकंदाला दोनदा अशी 2048 मोजमापं घेते. त्यातच 17 मिनिटं जातात, हिशोब त्यानंतर होतो. अर्ध्या तासापूर्वीचा समुद्र हातात येतो असं धरून चाला. कामाला तेवढं पुरतं.

चकत्यांवर शिंपले आणि बार्नॅकल फार लवकर धरतात. झिंक ऑक्साइडचं मलम चोळून ठेवलं तर ते सुटायला सोपे जातात, पण पाणबुड्या दर सहा आठवड्यांनी लागतोच. जून ते ऑगस्ट खाली उतरणं अशक्य, म्हणून मेअखेरची सफाई चुकवू नका. यंत्र ज्यात बसवून तळाशी ठेवतो ती आमची चौकट हलकी होती. जुलैत ती गाळात एका बाजूला रुतली, यंत्र सात अंश कललं आणि वरचा प्रतिध्वनी मधूनमधून हरवू लागला. त्यातच मोठ्या लाटा फुटल्या की पाण्यात बुडबुड्यांचे ढग होतात. आवाज तिथूनच परततो आणि पृष्ठभाग आहे त्यापेक्षा खाली भासतो. अशा नोंदी मी हाताने तपासून गाळल्या. ऐन उधाणात हे व्हावं याचं वाईट वाटतं, कारण त्याच दिवसांचे आकडे सगळ्यांत मोलाचे असतात.

मासेमारीबंदी 31 जुलैला संपते. त्यानंतर आठवड्याभरात एका नांगराने केबल ओढली आणि दोन दिवस काहीच आलं नाही. यंत्र मात्र स्वतःच्या बॅटरीवर चालू राहिलं आणि त्याच्या मेमरीत नोंदी शाबूत होत्या. बॅटरीचा खर्च वाचवू नका असं सांगतो, ते यासाठीच.

येत्या ऑक्टोबरात पुन्हा बसवतोय. चौकट दुप्पट वजनाची, रुंद पायांची केली आहे आणि केबलला किनाऱ्याजवळ लोखंडी साखळी गुंडाळणार आहे. तांडेलांनी स्वतःच्या फोनवर आवर्तकाल मागितलाय, तोही सुरू करतोय.