चिनी साहित्य कानाने: थ्री किंगडम्स की गप्पांचा पॉडकास्ट?

मैत्रिणीने विचारलं की चिनी साहित्य ऐकून सुरू करायचंय, 'रोमान्स ऑफ द थ्री किंगडम्स पॉडकास्ट' घेऊ की 'ट्रान्सलेटेड चायनीज फिक्शन पॉडकास्ट'? दोन्ही फुकट, म्हणजे खर्चाचा प्रश्नच मिटला.

वेळेचं म्हणाल तर पहिला लांबचा प्रवास आहे, ज्या जुन्या चिनी कादंबरीवर तो आहे ती मूळ कादंबरीच १२० प्रकरणांची, हान राजवटीविरुद्धच्या इ.स. १८४ च्या बंडापासून २८० पर्यंतची, आणि एकटा माणूस ती क्रमाने सांगत जातो, मध्ये चार भाग गाळले की कोण कुणाचा शत्रू तेच कळत नाही. नावांचा तर गोंधळच, मी वहीत लिहून ठेवायचे! पण पुस्तक न वाचताही चालतं, कीर्तनातल्या आख्यानासारखं ऐकायचं.

दुसऱ्यात पाहुण्यांशी, बरेचदा अनुवादकांशी, गप्पा असतात, एका भागात साधारण एकच लेखक किंवा पुस्तक, त्यामुळे कुठूनही सुरू करा. फक्त कथा आधी वाचलेली बरी, नाहीतर शेवट फुटतो. आधुनिक चिनी लेखक लू शुनची १९१८ ची 'वेड्याची रोजनिशी' ही कथा तर एका बैठकीत वाचून होते.

रोज लोकलमध्ये तासभर असेल नि गोष्टीची हौस असेल तर पहिला. आधुनिक लेखक शोधायचेत, अनुवादात रस आहे, तर दुसरा. मैत्रिणीला मी दुसराच सांगितला, तिला नावं लक्षात राहत नाहीत.