मामिया आरबी६७, पेंटॅक्स ६७ की हॅसलब्लाड? जड मीडियम फॉरमॅट कॅमेरा घेण्याआधी

गुंजवण्याच्या वाटेने राजगड चढताना माझ्या पाठीवर मामिया आरबी६७, दोन लेन्स, एक जादा बॅक (रोल बसवायचा मागचा डबा) आणि ट्रायपॉड होता. पद्मावती माचीवर पोचेपर्यंत एकही फोटो काढला नव्हता. वाटेत काढण्यासारखं काही नव्हतं असं नाही. थांबायचं, सॅक उतरवायची, कॅमेरा बाहेर काढायचा, उजेड मोजायचा आणि सगळं परत भरायचं, एवढं करायला अंगात त्राण नव्हतं. माचीवर तासभर बसलो आणि मग एकाच जागेवरून सात फ्रेम काढल्या. घरी निगेटिव्ह लाइटबॉक्सवर ठेवली. तटाचा एकेक दगड वेगळा दिसत होता. हा कॅमेरा मी विकणार नाही हे त्या रात्री ठरलं. राजगडावर तो पुन्हा नेणार नाही, हेही ठरलं.

तुम्ही पस्तीस मिलिमीटरच्या नेहमीच्या फिल्मवरून मोठ्या निगेटिव्हकडे, म्हणजे मीडियम फॉरमॅटकडे, येणार असाल, तर वजनाचा आकडा वाचून निर्णय घेऊ नका. आधी स्वतःला विचारा, माणसं किंवा दृश्य तुमच्याकडे येणार आहे, की तुम्ही त्याच्यामागे जाणार आहात? बाकीची तुलना या प्रश्नाभोवतीच फिरते.

तरी आकडे द्यायला हवेत. तिन्ही कॅमेरे १२० चा, म्हणजे पस्तीसहून रुंद, रोल वापरतात. ९० मिमी लेन्स, बॅक आणि वरून बघायच्या फाइंडरसह आरबी६७ सुमारे २.७ किलोचा होतो. पेंटॅक्स ६७ ला मीटरचा प्रिझम (डोळ्याला लावायचा, उजेड मोजणारा फाइंडर) आणि १०५ मिमी लेन्स लावली की साधारण २.३ किलो. हॅसलब्लाड ५०० सी/एम ८० मिमी लेन्ससकट दीड किलोच्या आसपास. आरबी आणि पेंटॅक्सवर एका रोलमध्ये १० फ्रेम मिळतात, हॅसलब्लाडवर १२. पस्तीसची फ्रेम २४ × ३६ मिमी, आरबीची साधारण ५६ × ६९.५ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ साडेचार पट. हॅसलब्लाडचा चौकोन ५६ × ५६ मिमी, साडेतीन पटीहून थोडा जास्त. पण आठ बाय दहाच्या कागदावर प्रिंट करताना चौकोन कापावा लागतो आणि आरबी-पेंटॅक्सची ६×७ (सेंटीमीटर) ची फ्रेम जवळजवळ जशीच्या तशी बसते. तुम्ही डार्करूममध्ये प्रिंट करणार असाल तर हा फरक रोजचा आहे. चौकोनातच विचार करणाऱ्यांना तो जाणवतही नाही.

आरबी६७: समोर माणूस बसलेला असेल तर

आरबी म्हणजे रिव्हॉल्व्हिंग बॅक. हा कॅमेरा १९७० मध्ये आला, प्रो-एस १९७४ मध्ये आणि प्रो-एसडी १९९० मध्ये. आडवी फ्रेम उभी करायला कॅमेरा वळवायचा नाही, फक्त मागची बॅक फिरवायची. ट्रायपॉडवर अडीच-पावणेतीन किलोचं यंत्र कलतं करणं किती त्रासाचं असतं, ते केलेल्या माणसालाच या सोयीची किंमत कळते.

बॅटरी लागत नाही. शटर लेन्समध्ये आहे, एक सेकंदापासून १/४०० पर्यंत, आणि फ्लॅश कुठल्याही वेगाला जुळतो. भर दुपारी अंगणात बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर फ्लॅशचा थोडा उजेड टाकायचा असेल तर हे फार मोलाचं. पेंटॅक्सचं शटर पडद्याचं आहे, त्याचा फ्लॅश १/३० ला जुळतो. उन्हात तो जवळपास निरुपयोगी. पेंटॅक्ससाठी आतच शटर असलेल्या ९० आणि १६५ मिमी लेन्स निघाल्या होत्या, पण त्यासाठी वेगळी लेन्स घ्यावी लागते.

फोकस लेन्सवर नाही, भात्यावर होतो. त्यामुळे साध्या लेन्सनेही खूप जवळ जाता येतं. पण भाता लांबला की उजेड कमी पोचतो. ९० मिमी लेन्सवर भाता पूर्ण ४६ मिमी बाहेर काढला तर एका स्टॉपपेक्षा, म्हणजे दुपटीपेक्षा, थोडा जास्त एक्स्पोजर द्यावा लागतो. कॅमेऱ्याच्या बाजूला त्यासाठी पट्टी छापलेली आहे. माझे पहिले दोन क्लोजअप रोल अंधारे आले, कारण त्या पट्टीकडे मी पाहिलंच नव्हतं.

प्रत्येक फ्रेमला दोन खटके. बॉडीवरचा लिव्हर आरसा आणि शटर तयार करतो, बॅकवरचा रोल पुढे नेतो. आरंभी वैताग येतो. महिनाभराने हात आपोआप चालतात, आणि दोन खटक्यांच्या मधल्या वेळात तुम्ही समोरच्याशी बोलू लागता.

त्या बोलण्यामुळेच हा कॅमेरा माझ्या मनात बसला. ओट्यावर बसलेल्या आजीचे मी यावर पाच रोल काढले. वेस्ट लेव्हल, म्हणजे वरून बघायच्या, फाइंडरमध्ये मान खाली घालून बघावं लागतं, चित्रात डावं-उजवं उलटं दिसतं. कॅमेरा तोंडासमोर येत नाही. आजी आधी म्हणाली, "आरं, खाली काय बघतूयास? माझ्याकडं बघ की." मी मान वर केली, तिच्याकडे बघितलं आणि केबल रिलीज (शटर दाबायची तार) दाबली. त्या फोटोत ती कॅमेऱ्याकडे नाही, माझ्याकडे बघते आहे. डोळ्याला लावायच्या कॅमेऱ्यावर मला तसा फोटो कधी मिळाला नाही. हॅसलब्लाडवर तो मिळू शकला असता, हे मान्य करायला हवं, कारण त्यालाही वरूनच बघतात. पेंटॅक्सलाही वरून बघायचा फाइंडर लावता येतो, पण मग मीटरचा प्रिझम काढावा लागतो.

आरझेड६७ (१९८२) हा याचाच धाकटा भाऊ. एकाच लिव्हरने काम होतं, वजन थोडं कमी, फाइंडर उजळ. पण शटर विजेवर चालतं. आरबीच्या लेन्स आरझेडवर चालतात, आरझेडच्या आरबीवर नाहीत. पैसे बेताचे असतील आणि हिमालयात किंवा गावात बॅटरी मिळण्याची खात्री नसेल तर आरबी.

पेंटॅक्स ६७: चालत राहायचं असेल तर

हा १९६९ मध्ये असाही पेंटॅक्स ६×७ या नावाने आला. पुढे १९७६ मध्ये आरसा वर अडकवायची सोय झाली, १९८९ मध्ये नाव पेंटॅक्स ६७ झालं आणि १९९८ मध्ये ६७ दोन आला. दिसायला हा अगदी पस्तीसच्या एसएलआरसारखा, फक्त दोन-तीन पट मोठा. डोळ्याला लावायचा, डाव्या हाताला लाकडी मूठ, आणि चालायचं.

दिवे घाटात पालखी चढत असताना मी एका मित्राचा पेंटॅक्स घेऊन उभा होतो. ज्येष्ठाच्या अखेरचं ढगाळ आकाश, मधूनच भुरभुर. आरबी तिथे नेऊन काही उपयोग झाला नसता. वारकरी थांबत नाहीत, त्यांना थांबवूही नये. पेंटॅक्सवर १०५ मिमी एफ/२.४ लेन्स पूर्ण उघडी. या लेन्सने जो पातळ फोकस मिळतो तो पस्तीसवर ५० मिमी एफ/१.२ इतका. एका माउलीच्या डोक्यावरच्या तुळशीवर फोकस आहे आणि मागचा सगळा घाट विरघळलेला आहे, असा एक फोटो माझ्याकडे आहे. त्या एका फोटोसाठी मी पेंटॅक्सचे सगळे दोष माफ करायला तयार आहे.

दोष मात्र आहेत. दहावी फ्रेम झाली की रस्त्याच्या कडेला उभं राहून रोल बदलावा लागतो, कारण बॅक निघत नाही. मी खाली मान घालून कागदाचं टोक रिळात खुपसत होतो आणि दिंडी समोरून निघून गेली. आरबी किंवा हॅसलब्लाडला भरलेली दुसरी बॅक काही सेकंदांत लागते. काळा-पांढरा अर्धा झालेला असताना रंगीत लावायचा असेल तरी तेच.

शिवाय आरशाचा धक्का. आवाज असा होतो की शेजारचा वळून बघतो. हातात धरून १/१२५ च्या खाली मी जात नाही. ट्रायपॉडवर आरसा आधी वर अडकवा, नाहीतर मोठी निगेटिव्ह घेऊन काय मिळवलं? बॅटरी संपली की कॅमेरा बंद, म्हणून थंडीत दुसरी बॅटरी खिशात, अंगाजवळ ठेवा.

वापरलेला पेंटॅक्स घेताना मीटरच्या प्रिझमची साखळी तपासा. बॉडीच्या आत एक बारीक साखळी लेन्सचं ॲपर्चर मीटरला कळवते, ती जुनी होऊन तुटते. आणि आधी प्रिझम, मग लेन्स, हा क्रम पाळा, नाहीतर मीटर जुळत नाही.

हॅसलब्लाड ५०० सी/एम: दोन्हींच्या मध्ये

५०० सी १९५७ चा, सी/एम १९७० चा. लहान, हातात बसणारा, बॅटरीशिवाय चालणारा. शटर लेन्समध्ये, १/५०० पर्यंत, फ्लॅश सगळ्या वेगांना. आरबीचे बहुतेक गुण यात निम्म्यापेक्षा थोड्या जास्त वजनात मिळतात. मग हाच का घेऊ नये?

एक तर पैसे. बॉडी एकवेळ परवडते, पण दुसरी-तिसरी लेन्स घेताना माणूस थांबतो. मामियाच्या लेन्स बहुतेक वेळा त्याहून स्वस्तात मिळतात. दुसरं, लेन्स आणि बॉडी दोन्ही ताणलेल्या (पुढच्या फ्रेमसाठी तयार केलेल्या) स्थितीत असतील तरच लेन्स काढता-लावता येते. विसरलात तर यंत्र अडकतं, आणि ते सोडवणारा कारागीर जवळ हवा. साध्या लेन्सने हा आरबीइतका जवळही जात नाही, त्यासाठी एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्समागे लावायची नळी) लागते.

तरी तुमचं काम प्रवासातलं असेल, माणसांच्या घरी जाऊन त्यांचे फोटो काढायचे असतील, आणि चौकोन तुम्हाला आवडत असेल, तर दीड किलोची सोय मोठी आहे.

तिन्ही जड वाटत असतील तर याशिका मॅट १२४ जी बघा. एकच ८० मिमी लेन्स, सुमारे एक किलो, १२ चौकोनी फ्रेम. मोठ्या निगेटिव्हची चव घ्यायला पुरेसा आहे. मामिया ७ हा रेंजफाइंडर (आरशाशिवायचा कॅमेरा) हलका आणि ६×७ देणारा, पण एक मीटरपेक्षा जवळ फोकस होत नाही आणि किंमत खूप चढलेली असते.

घेण्याआधी

माझा आरबी ज्याच्याकडून घेतला त्याने "एकदम कंडिशन" म्हणून दिला होता. पहिल्या रोलच्या दहाही फ्रेमच्या कडेला उजेडाचा पट्टा आला. बॅकमधला फोम चिकट होऊन झिजला होता. नवा फोम कापून लावणं हे सोपं काम आहे, पण तो रोल एका लग्नातला होता आणि ते क्षण परत आले नाहीत. म्हणून बॅकचा फोम आणि डार्क स्लाइडची (फिल्मवरचा उजेड अडवणाऱ्या पत्र्याची) फट आधी बघा. आरबीचा भाता अंधाऱ्या खोलीत आतून टॉर्च लावून तपासा, कोपऱ्यांत सुईएवढी भोकं असतात. एक सेकंदाचं शटर कानाने ऐका, जुन्या वंगणाने ते दीड-दोन सेकंदांवर जातं. हॅसलब्लाडच्या मागच्या दोन झडपा पटकन उघडतात ना, ते पाहा. कोकणात किंवा पावसाळी भागात राहिलेल्या लेन्समध्ये बुरशीचे धागे आहेत का ते टॉर्चने आरपार बघा, आणि स्वतःच्या लेन्स सिलिका जेलसोबत बंद डब्यात ठेवा.

ट्रायपॉडचे पैसे कॅमेऱ्याच्या हिशेबातच धरा. पस्तीससाठी घेतलेला हलका ट्रायपॉड आरबीखाली डुलतो आणि मोठी निगेटिव्ह त्या डुलण्याचा प्रत्येक हेलकावा नीट नोंदवून ठेवते.

पहिली लेन्स: आरबी घेऊन मुख्यतः माणसं काढणार असाल तर १२७ मिमी, पस्तीसवरच्या ६२ च्या जवळपास. घर, अंगण आणि माणूस एकत्र हवा असेल तर ९० मिमी. माझ्याकडे आज १२७ लावलेली आहे, आणि ती लेन्स मी वर्षभरात फारशी काढलेली नाही.