लिनक्सवर मराठी बोलून टंकायचं: गोल पिन की यूएसबी?

गोल पिनचा हेडसेट स्वस्त. पण मोबाइलच्या पिनेवर तीन काळ्या रेघा, म्हणजे चार संपर्क असतात. डेस्कटॉपच्या गुलाबी भोकात ती घातली की माइक मुका. स्प्लिटर, म्हणजे माइक आणि हेडफोनच्या पिना वेगळ्या करणारी जोडणी, लावा. अल्सामिक्सर या लिनक्सच्या आवाज-नियंत्रकात एफ४ दाबून कॅप्चरच्या (आवाज आत घेण्याच्या) पट्ट्या उघडा, स्पेस दाबून कॅप्चर चालू करा. माइक बूस्ट (माइकचा आवाज वाढवणारी पट्टी) फार चढवला की खरखर वाढते, आवाज फाटतो.

यूएसबी माइकला ही भानगड नाही. तो अडतो नमुनादरावर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतो त्यावर: बोलणं मजकुरात बदलणाऱ्या व्हिस्परला १६००० हर्ट्झ मोनो (एकच वाहिनी) लागतो, पुष्कळ माइक ४४१०० किंवा ४८०००च देतात. अल्सा या लिनक्सच्या ध्वनिप्रणालीत माइकच्या नावात 'एचडब्ल्यू' (hw) ऐवजी 'प्लगएचडब्ल्यू' (plughw) लिहा, रूपांतर आपोआप होतं.

सोलापुरात शेजारी यंत्रमाग खडखडत असेल तर टेबलावरचा माइक नकोच. मागाचा आवाज शब्द गिळतो. तिथे यूएसबी हेडसेट घ्या, माइक ओठांपासून दोन बोटं, किंचित बाजूला.